इटलीत रात्र कुठे काढायची

मंडळी, इटलीचा बेत आखताना आपला क्रम ठरलेला असतो. आधी काय काय बघायचं त्याची यादी, मग विमानाची तिकिटं, आणि सगळं ठरवून दमल्यावर रात्री अकराला मोबाइलवर हॉटेलं. भाडं परवडतंय, फोटोत पलंग स्वच्छ दिसतोय, करून टाका बुकिंग. माझं म्हणणं असं की इटलीपुरता तरी हा क्रम उलटा करा. तिथल्या बऱ्याच नावाजलेल्या गावांची सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ही वेळ दिवसभरापुरत्या आलेल्या गर्दीची असते. सहानंतरचं आणि सकाळी नवाच्या आधीचं गाव मात्र ज्यांचा तिथे मुक्काम आहे त्यांनाच मिळतं.

व्हेनिसचं बघा. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या बहुतेक ग्रुप टूर मेस्त्रे किंवा मार्गेराला उतरतात. मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे, तिथून ट्रेनने दहा-बारा मिनिटांत व्हेनिसचं सांता लुचिया स्टेशन येतं. खोली स्वस्त, मोठी लिफ्ट, बस थेट दारात. यात वाईट काही नाही. पण मग तुम्ही दहाला व्हेनिसमध्ये पोचता, सान मार्कोच्या चौकात हजारोंच्या घोळक्यात उभे राहता, गोंडोला करता आणि पाचला परत. संध्याकाळी तो घोळका ओसरल्यावर कन्नारेजो या वस्तीत कालव्याच्या काठावर लोक हातात ग्लास घेऊन गप्पा मारत बसतात, चौकात पोरं फुटबॉल खेळतात. सकाळी भाजी, दूध, हॉटेलांच्या चादरी, सगळं होडीतून उतरताना दिसतं, कारण चाकाची गाडी या शहरात येतच नाही. हे बघायचं तर दोन रात्री तिथेच काढायला हव्यात. एकच जमत असेल तर एक.

आता त्यात कुठे? सान मार्को महाग, आणि रात्री तिथे दुकानांची शटरं बघायची. मी कन्नारेजो सुचवीन. स्टेशनपासून बरंचसं सपाट चालता येतं, पूलही कमी लागतात. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या आहेत. म्हणून हॉटेल निवडताना स्टेशन किंवा बोटीचा धक्का आणि हॉटेल यांच्यामध्ये किती पूल पडतात ते नकाशावर मोजा. मीटरमधलं अंतर तिथे फसवं ठरतं. तेवीस किलोची बॅग तीन पुलांवरून चढवून उतरवलीत की स्वस्त खोलीचा आनंद उरत नाही. बोटीचं, म्हणजे वापोरेत्तोचं, साधं तिकीट साडेनऊ युरोचं आहे आणि ते 75 मिनिटं चालतं. चौघांसाठी ते दिवसातून चार वेळा काढलंत तर बघा हिशोब. पत्ताही नीट समजून घ्या. तिथे बऱ्याचदा वस्तीचं नाव आणि हजारांतला एक आकडा एवढंच असतं. म्हणून मालकाकडून जवळच्या चर्चचं नाव मागून घ्यायचं.

फ्लॅट घ्यावा की हॉटेल, हे मला नेहमी विचारतात. व्हेनिसच्या जुन्या शहरात 2022 मध्ये रहिवाशांची संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. घरंच्या घरं पाहुण्यांच्या खोल्या होत गेली, तसे राहणारे बाहेर पडले. त्यामुळे व्हेनिसमध्ये मी स्वतः हॉटेल किंवा लहान गेस्टहाउस बघते, फ्लॅट नाही. इतर शहरांत स्वयंपाकघराची सोय म्हणून फ्लॅट घ्यायला माझी हरकत नाही. वरणभाताची ओढ चौथ्या दिवशी लागतेच, लाजायचं काय त्यात! फक्त एवढं बघा, 1 जानेवारी 2025 पासून पर्यटकांना भाड्याने द्यायच्या प्रत्येक जागेला राष्ट्रीय ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे आणि तो जाहिरातीत असायला हवा. तो दिसत नसेल तर ती जागा सोडून द्या.

रोममध्ये तेर्मिनी स्टेशनचा परिसर म्हणजे आपल्या एसटी स्टँडासमोरच्या लॉजची ओळ: सोयीचा, पण मन रमेल असा नाही. फ्युमिचिनो विमानतळावरून थेट ट्रेन बत्तीस मिनिटांत तिथे आणून सोडते, आणि जवळच पियात्सा व्हित्तोरियोच्या बाजारात डाळ, तांदूळ, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या मिळतात. ट्रास्तेव्हेरेचं नाव सगळे घेतात. गल्ल्या सुंदर आहेत, पण मेट्रो नाही, आणि खिडकीखाली मध्यरात्र उलटेपर्यंत कोलाहल. सोबत सत्तरीतले आईवडील असतील तर मी प्राती सुचवते. 1870 नंतर आखलेली वस्ती, रस्ते सरळ आणि रुंद, मेट्रो हाताशी, व्हॅटिकन चालत. फोटोत तेवढं दिसत नाही, पण गुडघे दुवा देतात. मठांची अतिथिगृहंही आहेत, स्वच्छ आणि शांत, फक्त रात्री परतायची वेळ ठरलेली असते का ते आधी विचारा.

आणि तो शहरकर, म्हणजे मुक्कामी पाहुण्यांकडून शहर घेतं ती पट्टी! खोलीच्या भाड्यात तो बहुधा नसतो. रोममध्ये चारतारांकित हॉटेलात माणशी दर रात्री साडेसात युरो. दहा वर्षांवरच्या चौघांचे चार रात्रींचे 120 युरो झाले, आणि ते काउंटरवर वेगळे द्यायचे.

पण प्रत्येक गावी मुक्काम हवाच असं मी म्हणत नाही. ज्या गावाचं वैभव बाहेर, रस्त्यावर आणि उजेडात आहे, तिथे रात्र काढावी. जिथे ते दाराआड, तिकिटाच्या पलीकडे आहे, तिथे दिवस पुरतो. राव्हेन्नाची पंधराशे वर्षांपूर्वीची मोझेइक चित्रं किंवा पादोव्हातलं जोत्तोनं रंगवलेलं चॅपल, ही दिवसा बघायची आणि परतायचं. अशांसाठी बोलोन्यासारखं ठाणं उत्तम. फ्लोरेन्स तिथून वेगवान ट्रेनने चाळीस मिनिटांच्या आत, फेर्रारा साधारण अर्धा तास, व्हेरोना तासाभरावर. चार-पाच रात्री एकच खोली, बॅगा एकदाच उघडायच्या. शिवाय शहरभर कमानींचे झाकलेले पादचारी मार्ग, त्यामुळे पाऊस असो की ऊन, बॅग ओढत निघता येतं.

मातेरा मात्र रात्रीचं गाव. दरीच्या कडेला खडकात कोरलेली घरं, अंधार पडल्यावर त्यांत एकेक दिवा लागतो. पण झोपायचं कशात हे माहीत असू द्या. या गुहांमध्ये माणसं आणि जनावरं एकत्र राहत होती, मलेरिया होता, बालमृत्यू होते. 1952 मध्ये कायदा करून सुमारे पंधरा हजार लोकांना तिथून हलवायचं ठरलं. ती वस्ती देशाची लाज मानली जायची. 1993 मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली, आणि आज त्यांतल्याच काही गुहांत आलिशान हॉटेलं आहेत. मला तिथे झोप लागते, पण पूर्ण निर्धास्त नाही, आणि तसं व्हायलाही नको. शिवाय ओलसरपणा असतो आणि पायऱ्या फार. एक रात्र बास.

शेतघरांविषयी थोडक्यात. अग्रितुरिस्मो म्हणजे शेतावरचा मुक्काम, आणि त्याच्या कायद्यानुसार शेती हाच मुख्य व्यवसाय राहायला हवा, पाहुणे जोडीला. घरचं तेल, घरची वाइन, जेवण झकास. गाडी नसेल तर तिकडे फिरकू नका. गाडी असेल तर फ्लोरेन्स, सिएना, पिसाच्या जुन्या भागात ती घालू नका. तिथे परवानगीशिवाय गाडीला बंदी असते, कॅमेरे नंबर टिपतात, आणि दंडाची नोटीस महिन्यांनंतर पुण्याच्या पत्त्यावर येते. हॉटेल त्या हद्दीत असेल तर गाडीचा नंबर आधी त्यांना कळवायचा, ते नोंदवून घेतात.

खोलीत शिरल्यावर एक सुखद धक्का मिळेल. 1975 च्या सरकारी आदेशानुसार इटलीतल्या प्रत्येक घरात किमान एका न्हाणीघरात बिडे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुण्यासाठीचं नळ असलेलं बसकं भांडं, असलंच पाहिजे. युरोपात पाण्याची सोय म्हणून बाटली घेऊन फिरणाऱ्या आपल्या मंडळींना दुसरं काय हवं! जुन्या इमारतींची लिफ्ट मात्र कपाटाएवढी. आणि दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर लक्षात ठेवा, रोममध्ये घरं तापवायची परवानगी एरवी 1 नोव्हेंबरपासून असते. ऑक्टोबरअखेर रात्री गारठलात तर मालकाशी भांडून उपयोग नाही, पांघरूण जास्त मागा.

आता व्हिसा. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, अर्जाला प्रत्येक रात्रीच्या राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून सुरुवातीला रद्द करता येईल असंच बुकिंग करा, जागा नंतर बदलता येतात. पॅरिसला चार रात्री आणि इटलीत सहा असतील तर अर्ज इटलीकडे करायचा. आणि हॉटेलला प्रत्येक पाहुण्याची माहिती चोवीस तासांत पोलिसांना कळवावी लागते, तेव्हा काउंटरवर सगळ्यांचे पासपोर्ट मागतील. ते तेवीस किलोच्या बॅगेत तळाशी ठेवू नका.