तंजावरची साकी, तंजावरची दिंडी

[दृश्य: भागवतरांचा उजवा हात, चिपळ्या]

एक पट्टी अंगठ्यात, दुसरी बोटांत, मध्ये पितळी चकत्यांची किणकिण. चिपळ्या आपल्या कीर्तनातल्या. हात तमिळ भागवतरांचा, म्हणजे हरिकथा (दक्षिणेतलं कीर्तन) सांगणाऱ्या बुवांचा, आणि कथाही तमिळमध्येच चाललीय.

आता नीट ऐका. गद्यात गोष्ट सांगताना हात थांबलेला असतो, कारण बोलण्यावर चिपळी वाजली की शब्द बुडतो. पद्य आलं की ती बोलू लागते. ही साकी, आपला मराठी छंद. एका ओळीत 28 मात्रा: 16 वर विसावा, मग 12. आणि ही दिंडी, दुसरा मराठी छंद: 19 मात्रा, यती (ओळीतला विसावा) 9 वर.

अवघड जागा ही यतीच. तमिळ छंदाचं मोजमाप 'असै' या घटकावर चालतं, आपल्यासारखं मात्रांवर नाही. त्यामुळे दिंडीत तमिळ शब्द भरताना नववी मात्रा शब्दाच्या अधेमधे आली की अर्थाचे दोन तुकडे होतात. जाणकार रचनाकार ती ओळ सरळ मोडून पुन्हा बांधतो. नुसती चाल उचलून हे जमत नाही.

[दृश्य: मागे उभे साथीदार, मृदंगम, झालरा (झांजा)]

मागे 'पिन्पाट्टु'वाले, म्हणजे आपले टाळकरी-झिलकरी समजा. भागवतरांचा श्वास संपायच्या आत ओळ उचलायची. क्षणभर उशीर झाला तरी लय ढासळते, आणि श्रोते लगेच चुळबुळतात.

[दृश्य: तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय, मोडी कागदपत्रं]

व्यंकोजीराजांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतलं. भोसल्यांचं राज्य 1855 पर्यंत चाललं. राजांबरोबर शिपाई, कारकून, पुराणिक आले. समर्थ संप्रदायाचा मठ आला. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (1684–1712) यांनी मराठीत नाटकं रचली. दुसऱ्या सरफोजींच्या (1798–1832) दरबारात नाचासाठी मराठी निरूपणं लिहिली गेली, आणि भरतनाट्यमची आजची मांडणी ज्यांच्या नावावर आहे ते चार तंजावर बंधू याच दरबारचे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून मोरगावकरबुवा आले. त्यांचं कीर्तन तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ऐकलं, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग कर्नाटक रागांत बसवून दक्षिणेच्या हरिकथेला नवा घाट दिला. हरिकथेवरच्या लिखाणात हा भाग बहुधा एका वाक्यात उरकतात. वास्तविक सांगाडाच तिथून आलाय.

[दृश्य: भजन मंडळाची वही, जवळून]

ही वही पाहा. अभंग मराठी, लिपी तमिळ. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. प, फ, ब, भ यांनाही एकच. म्हणून अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडे: 2 म्हणजे ख, 3 म्हणजे ग, 4 म्हणजे घ. आकडा राहिला की 'गजर'चा 'कजर' होतो आणि 'भाव'चा 'पाव'! 'पांडुरंग' मात्र आकड्याविना सुटतो, कारण अनुनासिकामागून येणारा ट तमिळ माणूस आपसूक ड म्हणतो, क आपसूक ग.

आकडेही एका ठिकाणी हरतात. 'चंद्र'मधला च आणि 'चाल'मधला च, 'झेंडा'तला झ आणि 'माझा'तला झ, यांतला फरक कुठल्याच आकड्यात बसत नाही. तो शिकवायला तंजावरी मराठी घरातलंच कुणीतरी लागतं. अशा घरांत आजी मराठी बोलते, नातवंडं उत्तर तमिळमध्ये देतात.

[दृश्य: कर्नाटक संगीताची मैफल, शेवटचा अर्धा तास]

दरम्यान अभंग मैफलीत जाऊन बसलाय. मुख्य कृती (मोठी रचना) आणि तनि आवर्तनम (तालवाद्यांचं एकल वादन) झालं की तुकड्यांची, म्हणजे छोट्या हलक्या रचनांची, पाळी येते, त्यात बहुधा एक अभंग असतो. मृदंगमवाला इथे बोटांची कारागिरी आवरून भजनाचा ठेका धरतो. तो मोकळा राहिला पाहिजे. भरगच्च केला, की सभागृहाच्या टाळ्या तालाबाहेर जातात.