गगनबावडा आणि परत: रात्रपाळीच्या खोलीसाठी 110 किलोमीटर

(दसरा चौक. अंधार. सायकलींच्या मागचे लाल दिवे.)

पहाटेचे साडेपाच. डिसेंबरात कोल्हापुरात उजाडायला सात वाजतात, म्हणजे पहिला दीड तास अंधारातलाच. म्हणून सुटण्याआधी प्रत्येक सायकलीचे दिवे तपासले जातात. पुढचा दिवा पांढरा, निदान 300 लुमेनचा. मागचा लाल आणि स्थिर. लुकलुकणारा दिवा घोळक्यात चालत नाही, मागून येणाऱ्याचा अंतराचा अंदाज चुकतो. ज्याच्याकडे दिवा नाही, तो उजाडल्यावर निघेल.

इथून गगनबावडा सुमारे 55 किलोमीटर, आणि परत यायचं तेवढंच. प्रत्येकानं नातेवाईक, शेजारी, दुकानदार यांच्याकडून किलोमीटरमागे देणगीचा शब्द घेतलाय. किलोमीटरला 10 रुपये धरले तर पूर्ण फेरीचे 1,100. रोखीनं 2,000 रुपयांच्या वर दिलेल्या देणगीला प्राप्तिकरात सूट मिळत नाही, त्यामुळे मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन घेतली जाते. हा पैसा आहे हॉस्पिटलातल्या सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, लॅबमधली माणसं आणि शिकाऊ डॉक्टर यांच्यासाठी. रात्रपाळीत पाठ टेकायला त्यांना एक खोली हवी आहे.

(सह्यांचा तक्ता. नावांपुढे ड्युटीच्या तारखा.)

या फेरीचा सगळ्यात कडक नियम या तक्त्यात आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सायकल द्यायची नाही, त्यानं कितीही हट्ट केला तरी. जागलेल्या मेंदूला दोन-तीन सेकंदांची डुलकी नकळत लागते, आणि ताशी 25 च्या वेगानं तीन सेकंदांत सायकल 20 मीटर पुढे गेलेली असते. आज जे कर्मचारी सायकलवर आहेत, त्यांना आधीच्या दोन्ही रात्री ड्युटी नव्हती. ज्यांच्या विश्रांतीसाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्याच झोपेला कात्री लावून फेरी काढणं बरोबर नव्हे.

(गंगावेस. दुधाचा फेस. मग रंकाळा, पाण्यात दिव्यांच्या रेघा.)

धारोष्ण दुधाचा पेला समोर येतो, पण आज तो परतल्यावर. स्निग्ध पदार्थ पचायला वेळ घेतात आणि वाकून पेडल मारताना पोटात ढवळतं. निघताना पोहे आणि चहा, एवढंच.

फुलेवाडी, बालिंगा, दोनवडे. रस्ता सपाट, घोळका एकत्र. आणि इथेच पहिलं पंक्चर.

(जवळून: टायर, बोटं, बारीक तार.)

काच फारशी आड येत नाही. खरा त्रास बाभळीच्या काट्याचा आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या पोलादी तारेचा. ट्यूब बदलली आणि दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली, तर समजायचं की तार टायरमध्येच राहिली. म्हणून ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून चिंधी फिरवायची. जिथे धागा अडकतो, तिथे तार. ती चिमट्यानं बाहेरच्या बाजूनं ओढायची. नवी ट्यूब आधी थोडी फुगवून आत बसवायची, म्हणजे पीळ पडत नाही. टायरची कड शेवटी व्हॉल्व्हजवळ, हातानंच चढवायची. लिव्हरनं, म्हणजे टायर काढायच्या पट्टीनं, रेटली की ट्यूब चिमटते आणि नवीच पंक्चर होते. जुन्या ट्यूबला पॅच लावायचा तर सोल्यूशन पूर्ण सुकू द्यावं लागतं. ओल्यावर चिकटवलेला पॅच पुढच्या गावापर्यंतही टिकत नाही.

हवा किती? 28 मिलिमीटरच्या टायरला, 65-70 किलोच्या माणसाला, मागे 80 आणि पुढे 75 पीएसआय. डोंगरी सायकलीच्या (एमटीबी) जाड टायरला 35 ते 40. सोबतच्या गाडीत दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला बसणारा पंप आहे. बारीक व्हॉल्व्हला जाड तोंडाचा पंप बसत नाही, हे रस्त्यात कळून उपयोग नसतो.

(कळे गावाच्या अलीकडे. उजाडतंय. उसाच्या ट्रॉल्या.)

गळीत हंगामातला हा रस्ता उसाचा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागची ट्रॉली खड्ड्यात झोल खाते, म्हणून तिच्या डाव्या बाजूनं कधीच शिरायचं नाही. मागे थांबायचं, समोरचा रस्ता मोकळा दिसला की उजवीकडून, एकेकानं. रस्त्यावर पडलेल्या कांडीवरून जावंच लागलं तर हँडल सरळ ठेवायचं आणि ब्रेक सोडायचा. चाक तिरपं गेलं की कांडी गोल फिरते आणि सायकल आडवी होते.

(साळवण. केळी, गूळ, शेंगदाणे.)

भूक लागण्याआधी खायचं. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक मोठं केळं आणि गुळाचा खडा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरलाच. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर पाणी जास्त खारट-गोड होतं, तहान वाढते, पोट बिघडतं.

(असळजच्या पुढे. चढ. धुकं.)

चढ लागण्याआधीच गिअर हलका करायचा. पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर टाकला की चेन घसरते, कधी तुटते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. मेकॅनिक इथे रस्त्याकडेला तीन सीट वर करतो.

गगनबावडा. समोर गगनगड, आणि इथून कोकणात उतरणारे दोन घाट, करूळ आणि भुईबावडा. मोह होतो, पण फेरी इथेच वळते. जे उतरायचं, ते थकल्या पायांनी पुन्हा चढायचं असतं.

(परतीचा रस्ता. एकामागे एक सायकली.)

हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडचा. जाताना तो पाठीशी होता, तेव्हा ज्यांनी वेग वाढवला, त्यांचे पाय आता भरून आलेत. ओळ करायची, पुढच्यानं दोन मिनिटं वारा झेलायचा आणि बाजूला होऊन मागे जायचं.

(हॉस्पिटलचा जिना. खाटा वर चढतायत.)

पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि चुका याच वेळी जास्त होतात. वीस मिनिटांची झोप पुरेशी ठरते, पण ती आडवं होऊन, अंधारात. 9 ऑगस्ट 2024 ला कोलकात्यात रात्रपाळीत सेमिनार हॉलमध्ये विसाव्याला गेलेल्या तरुण डॉक्टरचा खून झाला.

म्हणून विश्रांतीच्या या खोलीच्या दाराला आतून कडी, आणि तिला लागूनच बाथरूम. जाड दुहेरी पडदे. प्रत्येक खाटेला तीन चादरी: एक अंगाखाली, एक धुण्यात, एक कपाटात. चावी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे, सहीच्या वहीसह. वही नसली की काही महिन्यांत अशा खोल्यांत मोडकी स्ट्रेचर आणि जुने केसपेपर येऊन पडतात.

(पडदा ओढला जातो. खोली काळोखी.)

पहिली सही रात्री 2.40 ची आहे.