आधी ‘नको’ म्हणता यावं

नमस्कार, श्रोतेहो.

आज येताना मी घरून एक वही घेऊन आले आहे. साधी दोनशे पानी. प्रत्येक पानावर पट्टीनं दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने केले आहेत. पहिल्यात ‘आधी काय झालं’, दुसऱ्यात ‘त्यानं काय केलं’, तिसऱ्यात ‘मग आम्ही काय केलं’. ही वही सुरू केली तेव्हा माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा होता. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. तेव्हा तो एकही शब्द बोलत नव्हता आणि दिवसातून आठ-दहा वेळा भिंतीवर डोकं आपटायचा. त्याची बिहेवियर थेरपी, म्हणजे वागण्यामागचं कारण शोधून त्याजागी दुसरं काही शिकवणं, या वहीपासून सुरू झाली. ज्या घरात अशी थेरपी आता सुरू व्हायची आहे, किंवा करावी की करू नये यावर रोज रात्री जेवताना बोलणं होतंय, त्या घरातल्या माणसांशी मला आज बोलायचं आहे.

आम्हाला उशीर झाला, हे आधी सांगते. दीड वर्षाचा झाला तरी हाक मारली की वळून बघायचा नाही. हवी ती वस्तू बोटानं दाखवायचा नाही, माझं मनगट धरून मला तिथं ओढत न्यायचा. घरातले म्हणायचे, मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबा तर चौथ्या वर्षी बोलले. ते प्रेमानंच म्हणत होते, आणि मलाही ते ऐकायला बरं वाटत होतं. पण नावाला प्रतिसाद न देणं आणि बोट करून न दाखवणं, या दोन गोष्टी दीड वर्षाच्या मुलात दिसल्या तर वाट बघू नका. आधी कान तपासून घ्या, मग बालविकासाच्या डॉक्टरांकडे जा. थेरपीसाठी निदानाच्या कागदावर शिक्का पडायची वाट बघावी लागत नाही. मूल ज्या गोष्टीत मागे आहे, त्या गोष्टीवर काम सुरू करता येतं.

निदान झालं आणि आम्ही घाबरून, कोणीतरी सांगितलं म्हणून, एका मोठ्या शहरातल्या केंद्रात गेलो. नाव सांगत नाही. तिथं पालकांनी बाहेर बसायचं होतं. दार बंद. आतून त्याच्या रडण्याचा आवाज यायचा. पंचेचाळीस मिनिटांनी बाहेर आणायचे आणि सांगायचे, आज सात मिनिटं खुर्चीवर बसला. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं बसला. पाचव्या आठवड्यात रस्त्याच्या कोपऱ्यावर ती पाटी दिसली आणि हा रिक्षातच डोकं आपटायला लागला. त्या दिवशी आम्ही रिक्षा तशीच मागे वळवली. मला वाईट याचं वाटतं, की चार आठवडे तो त्याच्या परीनं सांगत होता आणि मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते.

नंतर आमच्या जिल्ह्यातच थेरपी करणाऱ्या एक ताई भेटल्या. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला काहीच शिकवलं नाही. तो जमिनीवर पडून गाडीचं चाक फिरवत होता, त्याही शेजारी आडव्या झाल्या आणि दुसरी गाडी घेऊन चाक फिरवायला लागल्या. तीन बैठका एवढंच. मला वाटलं, याचे आपण पैसे देतोय? मग त्यांनी समजावलं, आधी त्याला मी बरी वाटले पाहिजे. मी आले की मजा येते, हे त्याला कळलं पाहिजे. शिकवणं त्यानंतर. आणि जाताना मला ही वही करायला सांगितली.

दोन आठवडे फक्त लिहायचं, बदलायचं काही नाही. सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. “मूल रडतंय आणि तू लिहीत काय बसलीयस गं?” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. उचलून घेतच होतो आम्ही त्याला. फक्त नंतर, आठवून, लिहीत होतो.

पण त्याआधी ताईंनी आम्हाला डॉक्टरांकडे पाठवलं होतं. डोकं आपटणाऱ्या मुलाचा कान दुखत असतो, दात किडलेला असतो, चार-चार दिवस पोट साफ झालेलं नसतं, आणि त्याला ते सांगता येत नाही. दुखण्यावर थेरपी करायची नसते, औषध द्यायचं असतं. कोणी हे न विचारता थेट ‘वर्तन सुधारू’ म्हणालं, तर तुम्ही विचारा.

दोन आठवड्यांनी वही उघडली. आम्हाला वाटत होतं तो हट्टानं, कधीही, कशानंही आपटतो. वहीत तसं नव्हतं. सकाळी साडेसात ते साडेआठ, म्हणजे मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या आणि पाण्याची मोटार या वेळात, सगळ्यांत जास्त. पाहुणे आले की. आणि दुसरा गठ्ठा संध्याकाळचा, घर शांत असताना. त्या नोंदींच्या तिसऱ्या रकान्यात आमच्याच अक्षरात एकच वाक्य पुन्हा पुन्हा होतं: ‘मोबाइल दिला.’ डोकं आपटणं एकच, पण सकाळी त्याचा अर्थ होता ‘हा आवाज बंद करा’ आणि संध्याकाळी ‘मोबाइल द्या’. दुसरा अर्थ आम्हीच त्याला शिकवला होता, न कळत.

या क्षेत्रातली माणसं सांगतात, की मुलाच्या अवघड वागण्यामागे बहुतेक चारांपैकी काहीतरी असतं: लक्ष हवंय, एखादी वस्तू हवीये, काहीतरी टाळायचंय, किंवा त्या हालचालीनं शरीरालाच बरं वाटतंय. कारण वेगळं तर उपायही वेगळा. म्हणून वही आधी.

सकाळच्या आपटण्यावर ताईंनी सुचवलेला पहिला धडा ऐकून आमचे हे चकित झाले. त्यांना वाटलं होतं ‘बस’, ‘इकडे बघ’ असं काही शिकवतील. ताई म्हणाल्या, आधी याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. शब्द येत नाही तर हातानं. तळहात पुढे, ‘पुरे’. मिक्सर सुरू करायचा, दोन सेकंदांत मी मागून त्याचा हात अलगद धरून ‘पुरे’ची खूण करवायची, आणि खूण होताच ह्यांनी मिक्सर बंद करायचा. लगेच, त्याच क्षणी. पहिल्या दिवशी माझ्या हातानं, मग नुसतं कोपराला बोट लावून, मग मी फक्त बघायचं. बाराव्या दिवशी त्यानं स्वतःहून हात पुढे केला. चटणी अर्धवटच वाटली गेली होती, तशीच खाल्ली आम्ही.

आपल्याकडे ‘नको’ म्हणणारं मूल म्हणजे उर्मट. ताटात वाढलेलं नको नाही म्हणायचं, मोठ्यांनी गाल ओढला तर नको नाही म्हणायचं. पण ज्याला बोलता येत नाही, त्याच्या अंगाला उद्या कोणीही हात लावला तरी त्याला नको म्हणता यायला हवं. प्रत्येक शब्दाला मान तुकवणारं मूल तयार करणं याला मी थेरपी मानत नाही.

याला इतिहासही आहे. अप्लाइड बिहेवियर अनालिसिस, ज्याला सगळे एबीए म्हणतात, ती बिहेवियर थेरपीची पद्धत ऑटिझममध्ये गाजली ती लॉस एंजेलिसचे मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासानं. १९ लहान मुलं, आठवड्याला ४० तास, आणि त्यांतली ९ मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पार करून गेली, असं त्यांनी लिहिलं. जगभरच्या आईवडिलांना त्यातून आशा मिळाली. पण त्या कामात मोठ्यानं ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हाही पद्धतीचा भाग होता. आज ऑटिझम असलेली मोठी माणसं स्वतः लिहितात, बोलतात, की आमचं हात फडफडवणं थांबवायला, डोळ्यांत बघायला लावायला जी जबरदस्ती झाली तिचा त्रास अजून जात नाही. आपण त्यांचं ऐकायला हवं. माझा मुलगा आनंदानं हात फडफडवतो. त्यावर आम्ही कधीच काम केलं नाही. कोणाला काय त्रास आहे त्याचा?

म्हणून केंद्र निवडताना विचारा. मी आत बसू शकते का? मूल रडलं तर तुम्ही काय करता? पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय शिकवणार, आणि ते त्याच्या कोणत्या कामाचं? विशेष शिक्षक, वाचा उपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? आणि ‘सहा महिन्यांत बरा करतो’ असं कोणी म्हणालं तर चप्पल घाला आणि निघा. ऑटिझम हा ताप नाही उतरायला.

संध्याकाळचा मोबाइल जास्त अवघड गेला. ठरलं असं, की आपटल्यावर मोबाइल द्यायचा नाही, पण मोबाइलच्या चित्राचं कार्ड हातात दिलं की लगेच द्यायचा, ठरलेल्या वेळेपुरता. भिंतीला गादी लावली. ताईंनी बजावलं होतं, कमी होण्याआधी वाढेल. वाढलं. पाच दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. चौथ्या दिवशी सासूबाईंनी पदराआडून मोबाइल दिला, आणि मी त्यांना बोलले नाही, कारण मीही त्याच विचारात होते. मग सगळ्यांनी बसून पुन्हा ठरवलं. घरात एक जण जरी वेगळं वागला तर मूल त्याच्यासाठी थांबून राहतं. सहाव्या दिवशी त्यानं कार्ड आणून दिलं. आजीलाच दिलं.

आता तासांचं. आठवड्याला ४० तास हे ऐकून अनेक पालक खचतात. आम्ही कराडहून साताऱ्याला एसटीनं आठवड्यातून दोनदा जात होतो, पंचेचाळीस मिनिटांसाठी. बाकीचा आठवडा घरीच असतो, आणि शिकणं तिथंच होतं. सासूबाई मटार सोलायला बसायच्या. एक शेंग तू, एक शेंग मी, याच्यावर तो वाट बघायला शिकला. पँट घालायला शिकवताना आम्ही उलटं सुरू केलं. सगळं मी करायची, कमरेपाशी शेवटचं ओढणं फक्त त्याचं. ते जमलं की गुडघ्यापासून, मग पायापासून. शेवट त्याच्या हातानं होतो म्हणून दर वेळी त्याला ‘जमलं’ असं वाटतं. गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून ६५ मुलांवर एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथं मोठे तज्ज्ञ नव्हे, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते आईवडिलांबरोबर काम करत होते. आई आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, मग आईबरोबर बसून तो बघायचा, मूल काय सांगतंय ते शोधायचं. त्या मुलांनी आईशी आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. मला हे वाचून फार धीर आला होता.

पैशाचं थोडक्यात सांगते. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, आहे का ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा त्यांचं तपासणी पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा खर्चही काही मर्यादेत त्यात बसतो. प्रमाणपत्र काढायला लाजू नका. लोक म्हणतात शिक्का बसेल. आमच्याकडे त्या कागदामुळे पुढच्या दोन वर्षांच्या थेरपीचा बराचसा भार हलका झाला.

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. तीसेक शब्द बोलतो, बाकी कार्डांवर आणि टॅबवर. डोकं आपटणं वर्षातून एखाद्या वेळी. आवाज त्याला अजूनही सोसत नाही, आणि तो सोसायला शिकवायचं आमचं ठरलेलं नाही.

मागच्या महिन्यात नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. वरात दारात आली आणि ताशा सुरू झाला. मी आत गर्दीत अडकले होते. धावत बाहेर आले तर तो आणि सासूबाई मांडवाच्या मागे पायरीवर बसलेले. रात्री घरी आल्यावर वही उघडली, तर नोंद आधीच केलेली होती, सासूबाईंच्या मोठ्या, वळणदार अक्षरात. पहिला रकाना: ताशा. दुसरा: हात पुढे करून पुरे म्हणाला. तिसरा: मागे जाऊन बसलो. मला पण आवाज होत होता.

नमस्कार.