यादीतले आकडे हाताने टाइप करू नका!

नमस्कार! वेब पेजवर यादी करायची म्हटलं की बरेच जण १, २, ३ असे आकडे स्वतः टाइप करतात आणि प्रत्येक ओळीशेवटी बीआर टॅग, म्हणजे एचटीएमएल कोडमधली नवी ओळ सुरू करणारी खूण, टाकतात. दिसायला ती यादी दिसते, पण ब्राउझरच्या लेखी तो नुसता मजकूर. मध्ये एक ओळ वाढली की खालचे सगळे आकडे बदलत बसा. शिवाय जे स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पेज ऐकतात, त्यांना इथे यादी आहे हे कळतच नाही. खरी यादी असेल तर स्क्रीन रीडर तिच्यात किती मुद्दे आहेत ते आधीच सांगतो. ऐकणाऱ्याला अंदाज येतो, नको असेल तर यादी ओलांडून पुढे जाता येतं. माझ्या मते टॅग नीट वापरायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

मुद्दे वरखाली केले तरी अर्थ बदलत नसेल, तर यूएल टॅग, म्हणजे बिनक्रमाची यादी. क्रम महत्त्वाचा असेल, तर ओएल, म्हणजे क्रमाची यादी; तिचे आकडे ब्राउझरच घालतो. दोन्हींत प्रत्येक मुद्दा एलआयमध्ये. संज्ञा आणि तिचा खुलासा अशा जोड्या असतील तर डीएल, त्यात संज्ञेला डीटी, खुलाशाला डीडी.

आता स्क्रीनकडे बघा, कारण सगळ्यात जास्त गफलत इथे होते: यादीच्या आत यादी. समजा एका मुद्द्यात "सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा" लिहिलं, एलआय बंद केला आणि त्याखाली नवा यूएल उघडला. ब्राउझर काही बोलत नाही, पोटयादी आत सरकलेलीही दिसते. पण ती कोणत्या मुद्द्याची, हे कोडमध्ये कुठेच नाही. म्हणून मजकूर लिहून झाला तरी एलआय उघडाच ठेवा. आतला यूएल पूर्ण करा, बंद करा, आणि मगच बाहेरचा एलआय बंद करा.

ओएलच्या टॅगमध्ये स्टार्ट या गुणधर्माला ५ दिलं की मोजणी ५ पासून सुरू होते, रिव्हर्स्ड लिहिलं की उलटी. सीएसएसमध्ये, म्हणजे पेजचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, लिस्ट-स्टाइल-टाइप देवनागरी ठेवलं, तर मराठी पेजवर मराठी आकडे येतात. हे जरूर करून बघा!

आणि ठिपके काढायला लिस्ट-स्टाइल नन वापरत असाल, तर सफारी ब्राउझरमध्ये अ‍ॅपलचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर त्या यादीला यादी म्हणायचं सोडतो. यादी नॅव्ह टॅगच्या, म्हणजे पेजच्या मेन्यूसाठीच्या टॅगच्या, आत असेल तर अडचण नाही. बाहेर असेल तर यूएलच्या टॅगमध्ये रोल या गुणधर्माला लिस्ट द्या.