माती किती वाजता आहे?

(दृश्य: पहाटेचं सोलापूर. मयताच्या सामानाचं दुकान, शटर अर्धं वर, आत बांबू आणि मडकी)

सोलापुरात कुणी गेलं की फोनवर पहिला प्रश्न एकच असतो, "माती किती वाजता आहे?" कोण, कसं, कधी हे सगळं नंतर. पूर्व भागातला पद्मशाली असू दे, लिंगायत असू दे, मराठा असू दे, विचारणारा आधी टाइम विचारतो कारण त्याला रजा टाकायची असते, गावाकडून गाडी पकडायची असते. आणि तो टाइम ठरवायच्या आधी घरातल्या दोघातिघांना जे काय पळावं लागतं ना, त्याच्यावर आजचा व्हिडिओ आहे.

माझे चुलते गेले तेव्हा पळणाऱ्यातला एक मी होतो. मे महिना, रात्री साडेअकराची वेळ, काका घरीच गेले. चुलतभाऊ मस्कतला. तो आल्याशिवाय माती नाही, हे काकूने सांगूनच टाकलं. सोलापूरचा मे म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, ४३-४४ डिग्री, रात्री भिंतीला हात लावला तरी गरम लागते. लहानपणी अशा वेळी बर्फाच्या लाद्या आणायचे, खाली भुसा पसरायचे, रात्रभर पाणी पुसत बसायचे. आता शीतपेटी मिळते. कुणीतरी नंबर दिला, तासाभरात टेम्पोतून पेटी आली.

पेटीवाल्याने एका दिवसाचं भाडं सांगितलं, मी हो म्हणालो. भावाची फ्लाइट लेट झाली, सहा तास जास्त लागले, तर त्याने आणखी एक अख्खा दिवस लावला. मधे लाइट गेली होती तर जनरेटरचे वेगळे. पावती? पावती नाही. आत बायका रडतायत, काकूला दोघींनी धरलंय, आणि मी दारात उभा राहून भाड्याची घासाघीस करू? नाही केली. मागितले तेवढे दिले. नंतर मित्रांना विचारलं तर प्रत्येकाच्या घरात असं काहीतरी झालेलंच, कुणी शववाहिकेचं सांगतंय, कुणी लाकडाचं, आणि कुणीच त्या वेळी बोललेलं नाही. मयताच्या घरात पैशाचं तोंडच काढत नाही आपण.

तेरावा झाल्यावर मी वाचायला बसलो, की या सगळ्याला कायदा काय आहे. परवाना कुणाला लागतो, कुणाला नाही. एक सांगतो, मला वाटलं होतं काहीच कायदा नसेल, तसं नाहीये.

(दृश्य: झोन ऑफिसची खिडकी, हातात फॉर्म घेऊन उभा माणूस)

कागदाचा कायदा एकदम पक्का आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चा. मृत्यू झाला की २१ दिवसांत नोंद. २१ च्या पुढे ३० दिवसांपर्यंत लेट फी, ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की आता जिल्हाधिकारी किंवा प्रांतांचा आदेश लागतो, आधी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं, २०२३ च्या दुरुस्तीने ते बदललं. आणि नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहायला कुठे होते तिथे नाही. आपली अर्धी पोरं पुण्यात, म्हातारी माणसं ट्रीटमेंटला पुण्यात, तिथे कुणी गेलं आणि माती सोलापुरात केली तरी दाखला पुण्याहूनच निघणार. हे माहीत नसल्याने लोक इथल्या खिडकीवर चार-चार चकरा मारतात, मी स्वतः बघितलंय.

दवाखान्यात गेलेल्याला फॉर्म ४, घरी गेलेल्याला ४ अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. शेवटच्या आजारात जो डॉक्टर बघत होता त्याने ते लगेच द्यायचं आणि त्याची फी घ्यायची नाही, असं कायद्यातच लिहिलंय, कलम १०. म्हणून घरात म्हातारं माणूस आजारी असेल तर ओळखीचा एक फॅमिली डॉक्टर धरून ठेवा, त्याने अधूनमधून येऊन बघायला पाहिजे. काकांचं तेवढं एक बरं झालं, गल्लीतले डॉक्टर रात्री बारा वाजता लुंगीवर आले आणि लिहून दिलं.

त्याच कलम १० मध्ये आणखी एक गोष्ट आहे जी बहुतेकांना माहीत नसते. स्मशानभूमीचा, कब्रस्तानचा जो राखणदार किंवा मालक आहे, त्याने तिथे आलेल्या प्रत्येक मृत्यूची खबर निबंधकाला देणं बंधनकारक आहे. म्हणजे गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला तो माणूस, ज्याच्याकडे आपण नीट बघतही नाही, तो कायद्याने ठरवून दिलेलं काम करत असतो.

अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू असेल तर मग पोलीस, पंचनामा, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम. पूर्वी याला सीआरपीसी, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ झालं. लग्नाला सात वर्षं झाली नसतील अशी बाई गेली आणि आत्महत्येचा किंवा घातपाताचा संशय असेल तर पीएम सुटत नाही. आणि रात्री पीएम होत नाही म्हणून सकाळपर्यंत बसवून ठेवतात ना, तर नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने परवानगी दिलीय, सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये सूर्यास्तानंतर करता येतं, खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह अशा केसेस सोडून. बिल थकलं म्हणून बॉडी अडवून ठेवायची नाही, हेही राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे.

(दृश्य: मोदी स्मशानभूमीचं गेट, मग रूपाभवानी, मग अक्कलकोट रोड)

जागेचा कायदाही आहे. दहन-दफन हा विषय घटनेत राज्यांच्या यादीत आहे, नोंद १०. बाराव्या अनुसूचीत नोंद १४, तिथे स्मशानं, दफनभूमी आणि विद्युत दाहिनीपर्यंत सगळं शहराच्या संस्थेकडे दिलंय. आपली महापालिका १९६४ ची, आणि ज्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली ती चालते त्यात मयताच्या विल्हेवाटीची जागा ठेवणं हे पालिकेचं बंधनकारक काम आहे. 'विल्हेवाट' हा कायद्याचा शब्द आहे, मला तो वाचवत नाही, पण तोच आहे.

सोलापुरात हे काम सोपं नाहीये. मराठा, पद्मशाली घरातले बहुतेक अग्नी देतात. लिंगायतांमध्ये विमान, म्हणजे सजवलेली पालखी करून, बसवून, भजन म्हणत नेतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात, विभूती लावतात आणि बसलेल्या अवस्थेतच दफन करतात, म्हणजे खड्डा वेगळा, माप वेगळं, खोदणाऱ्याचा हात त्याच कामाला बसलेला असावा लागतो. मुसलमानांचं गुस्ल म्हणजे मयताची अंघोळ, कफन, ख्रिश्चनांची शवपेटी. एकाच शहरात चार-पाच पद्धतीची माती, आणि प्रत्येकात ती जाणणारे काही हात आहेत.

टॅक्सचंही बघितलं. जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत स्पष्ट आहे, अंत्यविधी, दफन, स्मशान, शवागार आणि मयताची वाहतूक यांना जीएसटीच नाही. कुणी बिलात लावला तर विचारा, न लाजता विचारा.

म्हणजे कागदाला कायदा आहे, जागेला आहे, पोलिसांच्या कामाला आहे, टॅक्सलाही आहे. आणि ज्याच्या हातात आपला माणूस आपण देतो, जो पेटी आणतो, अंघोळ घालायला मदत करतो, गाडीत ठेवतो, देह टिकवायचं औषध भरतो, त्याच्यासाठी? काही नाही. उद्या मी शीतपेटी विकत घेतली आणि भाड्याने द्यायला लागलो तर मला कुठलीही परीक्षा नाही, ट्रेनिंग नाही, या कामाचं म्हणून लायसन्स नाही. दुकान टाकलं तर दुकाने अधिनियमाखाली बाकीच्या दुकानदारांसारखीच नोंद करायची, कामाला माणसं कमी असतील तर नुसती सूचना. शववाहिका असेल तर आरटीओ, फिटनेस, ड्रायव्हरचं लायसन्स. गाडीला परवाना लागतो, आतल्या माणसाला हात लावायला लागत नाही.

(दृश्य: जुनी काळी-पांढरी छायाचित्रं, अमेरिकेतलं यादवी युद्ध)

अमेरिकेत हे लायसन्स कुठून आलं माहितीये? त्यांच्या यादवी युद्धातून. पोरं घरापासून शेकडो मैल लांब मरत होती आणि घरच्यांना देह पाहिजे होता. मग एम्बामिंग करणारे, म्हणजे रक्तवाहिनीतून औषध भरून देह टिकवणारे लोक छावण्यांच्या मागे-मागे फिरायला लागले. काही चांगले होते, काहींनी दुःखात असलेल्या आईबापांना लुबाडलं. शेवटी मार्च १८६५ मध्ये युद्धखात्याने आदेश काढला, लायसन्स असलेल्यानेच हे काम करायचं, आणि दरही ठरवून दिलेलेच घ्यायचे. पुढच्याच महिन्यात लिंकनचा खून झाला, त्यांचा देह एम्बाम करून रेल्वेने स्प्रिंगफिल्डपर्यंत नेला, वाटेत लाखो लोकांनी बघितला. लायसन्स आणि दर तिथे एकाच कागदावर जन्माला आले. मला हे वाचताना आमच्या दारातला तो टेम्पो आठवत होता.

आज तिथे लायसन्स प्रत्येक राज्य देतं. बहुतेक ठिकाणी मॉर्च्युअरी सायन्सचं, म्हणजे याच कामाचं शिक्षण, परीक्षा, आणि लायसन्सवाल्या माणसाच्या हाताखाली साधारण वर्षभर काम. कोलोरॅडो हे एकच राज्य असं होतं जिथे लायसन्स नव्हतं. २०२३ मध्ये तिथल्या एका फ्युनरल होममध्ये जवळपास १९० देह कुजलेले सापडले, घरच्यांना राख म्हणून भलतंच काहीतरी दिलेलं. २०२४ मध्ये त्यांनी कायदा केला, २०२७ पासून लायसन्स सक्तीचं.

पण मला लायसन्सपेक्षा त्यांचा दुसरा नियम जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८४ पासून त्यांच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे, गिऱ्हाइकाने विचारलं की प्रत्येक गोष्टीचा वेगवेगळा दर असलेली छापील यादी हातात द्यायची, घरी न्यायला. फोनवर विचारलं तर फोनवर दर सांगायचा. शवपेटी बाहेरून आणली तर नाही म्हणायचं नाही, वरचे पैसेही लावायचे नाहीत. इंग्लंडमध्ये तर अजून अंडरटेकर, म्हणजे अंत्यविधीचं काम घेणारा व्हायला लायसन्स लागतच नाही, तरी सप्टेंबर २०२१ पासून ठरलेल्या नमुन्यातलं दरपत्रक दुकानात आणि वेबसाइटवर लावणं सक्तीचं आहे. म्हणजे लायसन्सची वाट न बघताही हे करता येतं.

आपल्याकडे एम्बामिंग कुठे येतं तर विमानाने न्यायचं असेल तेव्हा. परदेशातून देह आणायला विमान (सार्वजनिक आरोग्य) नियम आहेत १९५४ चे, देह एम्बाम केलेला पाहिजे, आत धातूचा पत्रा लावलेली हवाबंद पेटी पाहिजे. ऑगस्ट २०२३ पासून त्यासाठी केंद्राचं ई-केअर नावाचं पोर्टल आहे, आखातात आपली किती माणसं कामाला आहेत ते बघता हे पोर्टल सगळ्यांना माहीत असायला पाहिजे. एम्बामिंग करतात मुख्यतः मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागातले लोक, त्यांच्या रोजच्या कामाचाच तो भाग. पण बाहेर कुणी खाजगीत करत असेल तर त्याने फॉर्मालिन किती भरलं, हातात ग्लोव्हज होते का, पोलीस केस असताना पीएमच्या आधीच तर भरलं नाही ना, कारण भरलं तर पुरावाच जातो, हे बघणारा वेगळा परवाना आपल्या देशात नाही.

(दृश्य: स्मशानात काम करणाऱ्याचे हात, राखेने पांढरे)

लायसन्स म्हटलं की मला एक भीतीही वाटते, ती बोलून दाखवतो. हे काम आपण पिढ्यानपिढ्या काही ठराविक जातींवर टाकलं. मसणजोगी समाजाच्या नावातच मसण आहे, भटक्या जमातींच्या यादीत आहेत ते. उद्या परीक्षा आणि फी घेऊन लायसन्स आलं तर एसी ऑफिसवाली कंपनी ते घेईल आणि जो माणूस कोविडमध्ये पीपीई घालून उन्हात सरणं रचत होता तो बिनपरवाना ठरेल. तसं नको. ट्रेनिंग द्या, फुकट द्या, ओळखपत्र द्या, ग्लोव्हज, बूट, लसी, विमा द्या, आणि जो आधीपासून करतोय त्याला पहिलं द्या. मृतदेहाची विटंबना केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली वर्षभर शिक्षा होऊ शकते. नीट सांभाळणाऱ्याला काय मिळतं, ते त्यांच्या वस्तीत जाऊन बघा.

आणि दरफलक. प्रत्येक स्मशानभूमीच्या, कब्रस्तानच्या गेटवर, सिव्हिलच्या शवागाराबाहेर, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत. लाकडाचा दर, शववाहिकेचा किलोमीटरचा दर, पेटीचा बारा तासाचा आणि चोवीस तासाचा, आणि तक्रार कुठे करायची तो नंबर. पालिकेने मनावर घेतलं तर पेंटर बोलवायचा एवढंच काम आहे.

काकांच्या सावडण्याच्या दिवशी मी लाकडाचे राहिलेले पैसे द्यायला वखारीत गेलो होतो. तिथला पोरगा, वीस-बावीसचा असेल, म्हणाला, "थांबा की ओ दादा, हिशोब घेऊन जावा." वहीचं पान टरकन फाडलं आणि उभ्या उभ्या लिहून दिलं, लाकूड एवढं, गोवऱ्या एवढ्या, आधी दिलेले एवढे वजा. खाली तारीख टाकली, सही केली. त्या दोन दिवसांतला तेवढाच एक कागद आहे माझ्याकडे ज्याच्यावर दर लिहिलेला आहे.

(दृश्य: वहीचं ते पान, जवळून)