तारांतले दात, मोकळा आवाज

नमस्कार. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश पंकची, म्हणजे वेगवान, खरखरीत, बंडखोर रॉक संगीताची गायिका पॉली स्टायरीन हिचं नाव निघालं की बोलणं हटकून तिच्या दातांवरच्या तारांवर जातं, तिथून चित्रविचित्र प्लास्टिकच्या कपड्यांवर, आणि शेवटी 'किंचाळणारी पंक मुलगी' या शिक्क्यापाशी येऊन अडतं. आज तिच्या कामाकडे कारागिरी म्हणून बघू. गाणं बांधलंय कसं, आवाज नेमका कुठे बसतो, त्या गोंगाटात सॅक्सोफोन काय करतोय, शब्द कुठून उचललेत. दंतकथा वाटेत भेटतीलच.

चरित्राचा सांगाडा पटकन उरकतो. मूळ नाव मारियान जोन एलियट-सईद. जन्म ३ जुलै १९५७, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं ब्रॉम्ली. वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची. आईनं एकटीनं वाढवलं, ते दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये. पंधराव्या वर्षी घर सोडून ती संगीत महोत्सवांतून भटकली. १९७६ मध्ये मारी एलियट या नावानं तिची एक रेगे वळणाची तबकडी निघाली आणि कुणाच्या लक्षातही न येता विरून गेली. त्याच वर्षी एकोणिसाव्या वाढदिवसाला हेस्टिंग्जच्या समुद्रातल्या धक्क्यावर, जवळपास रिकाम्या हॉलमध्ये, तिनं सेक्स पिस्टल्स हा पंक बँड पाहिला. मग संगीत साप्ताहिकांत जाहिरात देऊन तिनं वादक गोळा केले. गिटारवर जॅक एअरपोर्ट, बासवर पॉल डीन, सॅक्सोफोनवर लोरा लॉजिक, ड्रम्सवर पुढे बी. पी. हर्डिंग. बँडचं नाव एक्स-रे स्पेक्स. स्वतःसाठी नाव हवं होतं तेव्हा तिनं टेलिफोनच्या यलो पेजेसमध्ये प्लास्टिकशी संबंधित शब्द शोधला आणि पॉलिस्टायरीनचे दोन तुकडे करून घेतले. लंडनच्या किंग्ज रोडवरच्या ब्यूफोर्ट मार्केटमध्ये तिचा कृत्रिम कापडाच्या कपड्यांचा आणि किरकोळ दागिन्यांचा स्टॉल होता, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. जी वस्तू ती गाण्यात आणत होती तीच ती टेबलावर मांडून विकत होती.

आता आवाजाकडे येऊ. पंकमधली गिटार बहुतेक वेळ पॉवर कॉर्ड वाजवते. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यात फक्त षड्ज आणि पंचम असतात, गंधार गाळलेला असतो. याला कारण आहे. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, फाटेपर्यंत वाढवला की प्रत्येक सुराला ज्यादा स्वरांश फुटतात, शिवाय दोन सुरांच्या बेरीज-वजाबाकीतून नवेच सूर तयार होतात. सा-प एकत्र असले की हे नवे सूर बरेचसे त्याच कुटुंबात बसतात. गंधार घातला की चिखल होतो. म्हणजे गिटार एका अर्थानं मोठ्यानं वाजणारा तानपुराच झाली. त्यावर गंधार शुद्ध की कोमल, म्हणजे गाणं मेजर की मायनर, हे ठरवायचं काम गाणाऱ्याकडे उरतं. बरेच पंक गायक हा अधिकार वापरतच नाहीत, दोन सुरांवर ओरडत राहतात. पॉली तो पुरेपूर वापरते. तिची चाल खरोखर चाल असते. एकदा ऐकून गुणगुणता येते, आणि पंकमध्ये ही गोष्ट वाटते तेवढी सर्रास नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. कोव्हेंट गार्डनच्या नील स्ट्रीटवरचा रॉक्सी क्लब डोळ्यांसमोर आणा. १९७७ च्या सुरुवातीला तिथे ध्वनिमुद्रित झालेल्या आणि त्याच वर्षी निघालेल्या तबकडीवर या बँडचं गाणं आहे. अशा बसक्या छताच्या खोलीत ड्रमसेट एक मीटरवर सहज शंभर डेसिबलच्या वर जातो, शेजारी पन्नास किंवा शंभर वॉटचा ॲम्प. त्या काळी छोट्या क्लबात गायकाकडे तोंड करून ठेवलेला मॉनिटर स्पीकर बऱ्याचदा नसायचाच. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून गायक अजून जोर लावतो, जोर लावला की सूर चढा लागतो, आणि अर्ध्या तासात घसा बसतो. पॉलीचा उपाय जोर लावण्याचा नव्हता, आवाजाची धार वाढवण्याचा होता. माणसाचा कान साधारण दोन ते चार किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. पसरट तोंड, उघडे स्वर, किंचित नाकातली झाक आणि अस्सल लंडनी उच्चार यांमुळे तिची ताकद नेमकी त्या पट्ट्यात एकवटते. त्यामुळे आवाज गिटारच्या भिंतीवर आपटत नाही, भोक पाडून पलीकडे जातो.

पण अडचण अशी की सॅक्सोफोनची चमकही बरीचशी त्याच भागात असते. दोघं एकदम सुटले तर एकमेकांना खाऊन टाकतील. सप्टेंबर १९७७ मध्ये व्हर्जिन या कंपनीनं काढलेली 'ओह बॉन्डेज अप युअर्स!' ही तबकडी यासाठी बारकाईनं ऐकण्यासारखी आहे. सुरुवात बोलण्यातून होते. लहान मुलींनी दिसावं पण बोलू नये, अशा अर्थाची जुनी इंग्रजी शिकवण ती शहाण्या मुलीच्या, जवळपास गोडमिट्ट स्वरात म्हणून दाखवते. पुढच्याच क्षणी शीर्षकाची आरोळी आणि एक-दोन-तीन-चार. इतक्या मऊ बोलण्यावरून इतक्या मोठ्या आवाजावर एका श्वासात उडी मारणं ध्वनिमुद्रण करणाऱ्याची परीक्षा बघतं. पातळी बोलण्यासाठी लावली तर आरोळी फाटते, आरोळीसाठी लावली तर बोलणं बुडतं. मग सॅक्सोफोन येतो, तो तिच्या ओळींच्या मधल्या मोकळ्या जागांत, किंवा गिटारच्या सुरावटीला चिकटून. तो जाझसारखा नटत नाही. थोडा खरखरीत, थोडा भसाडा, रस्त्यावरच्या भोंग्यासारखा वाजतो. लोरा तेव्हा शाळकरी वयाची होती. तयार वादकानं तिथे हटकून जास्त सूर घातले असते आणि गाणं बिघडवलं असतं.

ज्यांना असा बँड करून बघायचाय त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. गायकाचा माईक ओठांपासून दोन ते पाच सेंटिमीटरवर ठेवा. इतक्या जवळून खालचे सूर फुगतात, म्हणून मिक्सरवर शंभर-सव्वाशे हर्ट्‌झच्या खालचं कापा. माईकची जाळी मुठीत धरू नका. त्या माईकला मागच्या बाजूचा आवाज नको असतो, आणि तो टाळण्यासाठीच जाळीखाली फटी ठेवलेल्या असतात. त्या झाकल्या की माईक सगळीकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो. कार्डिऑइड माईक (बरोबर मागचं सर्वांत कमी ऐकणारा) असेल तर मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीमागे ठेवा, सुपरकार्डिऑइड असेल तर पाठीमागे पण थोडा बाजूला. सॅक्सचा माईक घंटेच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडाच्या, आत कोंबू नका. तिथून फक्त खालचे सूर मोठे येतात. घंटा आणि मधल्या कळा यांच्यामध्ये रोखून वीसेक-तीसेक सेंटिमीटरवर धरा. गिटारमधून अडीच-तीन किलोहर्ट्‌झच्या आसपास थोडं कमी करा, म्हणजे गायकाला वाट मिळेल. आणि गाणाऱ्यानं एक पथ्य पाळावं: घशातून रेटायचं नाही. आधी दहा-पंधरा मिनिटं आवाज तापवा, ओळीआधी पोटापर्यंत श्वास घ्या, धार जबड्याच्या आणि जिभेच्या ठेवणीतून काढा. घसा बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर काढे पीत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

शब्दांकडे वळू. तिचा एकमेव अभिजात म्हणावा असा अल्बम 'जर्मफ्री ॲडोलेसन्ट्स' नोव्हेंबर १९७८ मध्ये आला. मुखपृष्ठावर पाचही जण काचेच्या परीक्षानळ्यांत उभे आहेत. बाजारपेठेवर टीका करणारी ही तबकडी ईएमआयसारख्या बड्या कंपनीकडून आली, यावर तेव्हाही नाकं मुरडली गेली. मला तो आक्षेप पोकळ वाटतो. पॉलीनं कधी बाजाराबाहेर उभं राहून बोलल्याचा आव आणलाच नव्हता.

'द डे द वर्ल्ड टर्न्ड डे-ग्लो' घ्या. गाणं म्हणजे जवळजवळ मालाची यादी आहे: नायलॉन, ॲक्रिलिक, पर्स्पेक्स, पॉलिप्रॉपिलीन, लॅटेक्स. एक बाई गाडीतून जाते आणि वाटेत दिसणारं सगळं कृत्रिम होत जातं. यात निसर्गासाठी गळा काढलेला नाही. उलट त्या चकचकीतपणाची तिला भूल पडलीय हे लपत नाही, आणि गाण्यातली भीती तिथूनच येते. डे-ग्लो रंगांचं तंत्रही याला जुळतं. ते डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत टाकतात, म्हणून कागदावर पडलेल्या उजेडापेक्षा जास्त उजळ भासतात. पण उन्हात ठेवले की त्यांतली रंगद्रव्यं मोडतात आणि काही महिन्यांत फटफटीत होतात. ही सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची छोटी तबकडी, नारिंगी रंगात निघाली, 'आयडेन्टिटी' गुलाबी. जाता जाता संग्राहकांसाठी: अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांतल्या कितीतरी पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकड्या खरोखरच पॉलिस्टायरीनच्या असत. साच्यात स्वस्तात ओतता येत, पण जड सुईखाली त्यांच्या खाचा विनाइलपेक्षा लवकर झिजत. अशी तबकडी हाती लागली तर जुन्या, बोथट सुईनं कधीही वाजवू नका.

अल्बमचं शीर्षकगीत मात्र संथ आहे, प्रतिध्वनीत भिजलेलं. त्यातली मुलगी स्वच्छतेच्या वेडानं दिवसातून दहादा दात घासते. इथे आवाजातली धार गायब होते. ती जवळपास अंगाई म्हणते आहे असं वाटतं, आणि जंतुनाशक-दुर्गंधीनाशकांच्या शब्दांत चक्क प्रेमगीत उलगडतं. विक्रीच्या ब्रिटिश यादीत हे गाणं १९ व्या क्रमांकापर्यंत गेलं. 'डे-ग्लो' २३ व्या आणि 'आयडेन्टिटी' २४ व्या क्रमांकावर पोचली होती. तिला फक्त ओरडता येतं असं म्हणणाऱ्यांना हे एकच गाणं ऐकवावं.

३० एप्रिल १९७८. वंशद्वेषी नॅशनल फ्रंटच्या विरोधात ट्राफल्गार चौकातून हॅकनीच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा आला. आकडे ऐंशी हजार ते एक लाख असे सांगितले जातात. मंचावर द क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन बँड आणि एक्स-रे स्पेक्स. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो. दहा मीटरवर कान फोडणारा स्पीकर एकशे साठ मीटरवर चोवीस डेसिबलनं खाली आलेला असतो, वारा आणि माणसांची दाटी वेगळी. मागच्या लोकांपर्यंत काय पोचलं असेल याचा अंदाज करा. पुढच्यांनी जे पाहिलं ते असं: पॉली डोक्याला फडकं गुंडाळून आली आणि ते काढलं तेव्हा खाली मुंडण केलेलं डोकं होतं. आपल्याला कुणी मादक तारका बनवू लागलं तर आपण डोकं भादरू, असं ती आधी म्हणाली होती. सोमाली बापाची, तारांतल्या दातांची, टक्कल केलेली मुलगी एवढ्या जमावापुढे 'ओळख' या विषयावर गातेय, याचं वजन वेगळं समजावून सांगायला नको.

त्यानंतरची पडझड वेगानं झाली. त्याच वर्षी डॉनकास्टरच्या कार्यक्रमानंतर तिला आकाशात गुलाबी तेजाची वस्तू दिसली. रुग्णालयात निदान झालं स्किझोफ्रेनियाचं, आणि ते चुकीचं होतं. बायपोलर आजाराचं योग्य निदान व्हायला १९९१ उजाडलं. मधली बारा-तेरा वर्षं चुकीच्या नावाखाली गेली. १९७९ मध्ये बँड फुटला. १९८० चा 'ट्रान्सल्यूसन्स' हा तिचा एकटीचा अल्बम इतका शांत आहे की पंकवाल्यांनी पाठ फिरवली. आज ऐकला तर तो काळाच्या पुढचा वाटतो.

१९८३ च्या सुमारास ती हरे कृष्ण पंथात गेली आणि लंडनबाहेरच्या भक्तिवेदान्त मॅनर या मंदिरात राहू लागली. जॉर्ज हॅरिसननं इस्कॉनला दिलेली हीच ती वास्तू. लोरा लॉजिकही त्याच पंथात आली. पंकचे इतिहासकार इथे गोंधळून प्रकरण आटोपतं घेतात. जी मुलगी कृत्रिम वस्तूंनी भरलेल्या जगाबद्दल वीस-एकविसाव्या वर्षी गात होती तिला वस्तूंची आसक्ती सोडायला सांगणारा मार्ग जवळचा वाटला, यात नवल काय? १९९५ मध्ये पॉली, लोरा आणि पॉल डीन यांनी 'कॉन्शस कन्झ्युमर' काढला, पण अग्निशमन बंबाची धडक बसून पॉली जायबंदी झाली आणि प्रसिद्धीची कामं अर्धवट राहिली. २००८ मध्ये लंडनच्या राउंडहाउसमध्ये ती पुन्हा उभी राहिली. २०११ च्या मार्चमध्ये 'जनरेशन इंडिगो' आला आणि २५ एप्रिलला कर्करोगानं ती गेली, वय ५३.

प्रभावाची नोंद करायची तर अमेरिकेतल्या रायट गर्ल या स्त्रीवादी पंक चळवळीपासून, बिकिनी किल बँडच्या कॅथलीन हॅनापासून सुरुवात होते. गायिका नेनेह चेरीनंही तिचं ऋण मोकळेपणी मानलंय. पण खरी रेघ मला लंडनमध्येच दिसते. २०१३ मध्ये सुरू झालेला कृष्णवर्णीय स्त्रियांचा बिग जोनी हा बँड आणि गौरेतर पंक कलाकारांसाठी सुरू झालेला डीकॉलोनाइज फेस्ट यांच्यामागे पॉली उघड उभी आहे. लेक सेलेस्ट बेलनं २०२१ मध्ये आईवर माहितीपट केला. त्यात आईच्या आजाराचा घरावर पडलेला भार तिनं झाकलेला नाही, म्हणून तो बघण्यासारखा आहे.

ऐकायला सुरुवात करणार असाल तर एक खाचखळगा. 'ओह बॉन्डेज' व्हर्जिनकडची, म्हणून १९७८ च्या मूळ एलपीत, म्हणजे 'जर्मफ्री ॲडोलेसन्ट्स'च्या मोठ्या तबकडीत, ती नाही. पुढच्या आवृत्त्यांत ती जोडलेली मिळते. आधी ती सिंगल ऐका, मग लगेच एलपी लावा. सिंगलवर सॅक्सोफोन लोराचा आहे. एलपीच्या वेळी तिला बँडबाहेर काढलं गेलं होतं आणि तिथे रुडी थॉमसन वाजवतो. तो सफाईदार आहे, पण त्यानं वाजवलेल्या कितीतरी सुरावटी मुळात लोरानं बसवलेल्या, आणि तबकडीवर तिला त्याचं श्रेय मिळालं नाही.