राइट क्लिकमध्ये कोण कोण राहतं?

[दृश्य: डेस्कटॉप. उजवं बटण दाबलं जातं. मेन्यू येतो, पण जरा उशिरा.]

उजवं बटण दाबलं आणि मेन्यू यायला एवढा वेळ? कॉम्प्युटर म्हातारा झाला, म्हणून आपण मोकळे होतो. बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचा दोष नसतो.

विंडोजमध्ये हा मेन्यू आयता ठेवलेला नसतो, दर वेळी नव्यानं जुळवला जातो. क्लिक फाइलवर झालं, फोल्डरवर की रिकाम्या जागेवर, हे पाहून एक्सप्लोरर, म्हणजे फाइल-फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम, रजिस्ट्री ही विंडोजची सेटिंग्जची वही चाळतो: इथं नाव कुणी कुणी नोंदवलंय? झिप करणारा प्रोग्राम, अँटिव्हायरस, क्लाउड ड्राइव्ह, ग्राफिक्सचा ड्रायव्हर. काही जण एक ओळ लिहून गप्प बसतात. काही मात्र ‘शेल एक्स्टेन्शन’ म्हणून येतात, म्हणजे त्यांचा कोड थेट एक्सप्लोररच्या पोटात चालतो. त्यातला एक रेंगाळला की अख्खा मेन्यू ताटकळतो. एक कोसळला तर एक्सप्लोररलाही घेऊन पडतो. इन्स्टॉल करताना डोळे झाकून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेलं की असे भाडेकरू शिरतात, आणि आपण होऊन कुणी जागा सोडत नाही.

[दृश्य: शेलएक्सव्ह्यू. लांबलचक यादी, मधूनमधून गुलाबी ओळी.]

त्यांना शोधायला निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू हे छोटं, फुकट साधन आहे. गुलाबी ओळी म्हणजे मायक्रोसॉफ्टबाहेरची एक्स्टेन्शन्स. एकेक बंद करायचं, एक्सप्लोरर रीस्टार्ट करायचा, पुन्हा राइट क्लिक. काम कंटाळवाणं आहे, पण गुन्हेगार सापडतो. बंद केलेलं पुन्हा चालू करता येतं, त्यामुळे धास्ती नको.

[दृश्य: विंडोज ९५चा डेस्कटॉप.]

घरोघरी राइट क्लिकची सवय लावली १९९५ च्या विंडोज ९५ नं. मॅकचा माउस तेव्हा एकाच बटणाचा. तिथं १९९७ मध्ये, मॅक ओएस ८ बरोबर, कंट्रोल दाबून क्लिक करायची सोय आली.

[दृश्य: रजिस्ट्री एडिटर. कर्सर एकेक पायरी उतरतो.]

आता मेन्यूत आपली स्वतःची ओळ. आधी रजिस्ट्री एक्स्पोर्ट करून ठेवा. हे ‘नंतर बघू’ म्हणण्यातलं नाही. मग करंट युजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, डिरेक्टरी, बॅकग्राउंड, शेल असं खाली उतरायचं. यातली प्रत्येक पायरी म्हणजे एक ‘की’, रजिस्ट्रीतला फोल्डरच म्हणा. वाटेतली एखादी की नसेल तर बनवायची. शेलखाली नवी की. तिचं नाव मेन्यूत दिसेल, अगदी मराठीतसुद्धा. तिच्या आत आणखी एक की, कमांड नावाची, आणि तिच्या डीफॉल्ट व्हॅल्यूमध्ये प्रोग्रामचा पत्ता. आहोत तोच फोल्डर उघडायचा असेल तर पत्त्यापुढे टक्क्याचं चिन्ह आणि कॅपिटल व्ही, दोन्ही अवतरणचिन्हांत. अवतरणचिन्हं विसरलात तर नावात स्पेस असलेल्या पहिल्याच फोल्डरवर गाडी अडते.

झालं. सेव्ह नाही, रीस्टार्ट नाही.

आणखी एक गंमत. मेन्यूत नाव दिसणाऱ्या त्या कीमध्ये (कमांडमध्ये नव्हे) ‘एक्स्टेंडेड’ नावाची रिकामी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची व्हॅल्यू, ठेवली, की ती ओळ शिफ्ट धरून राइट क्लिक केल्यावरच दिसते. क्वचित लागणाऱ्या कामांना ही जागा फार सोयीची.

[दृश्य: विंडोज ११. आटोपशीर मेन्यू, तळाशी ‘शो मोअर ऑप्शन्स’.]

२०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ नं ही गर्दी आवरायला घेतली. हेतू चांगला, पण आपण हातानं लिहिलेली ओळही जुन्या मेन्यूत, एक क्लिक लांब गेली. सरळ तिथं पोचायचं तर इथंही शिफ्ट धरूनच राइट क्लिक.

[दृश्य: लिनक्स, फाइल्सची खिडकी.]

मेन्यूत आपली ओळ लिनक्सवरही घालता येते. तिथं ग्नोम या डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरचं, म्हणजे नॉटिलसचं, ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डर असतं. त्यात स्क्रिप्ट, म्हणजे कमांड्स लिहिलेली छोटी फाइल, टाकायची, चालवायची परवानगी द्यायची, की ती मेन्यूत हजर. मॅकवर हेच काम ऑटोमेटरमधल्या ‘क्विक ॲक्शन’नं होतं.

[दृश्य: विंडोजची रन खिडकी. अक्षरं टाइप होतात.]

विंडोजवर रजिस्ट्रीला हातच लावायचा नसेल, तर रनमध्ये ‘शेल’, कोलन, ‘सेंडटू’ असं लिहून एंटर दाबा. उघडलेल्या फोल्डरमध्ये हव्या त्या प्रोग्रामचा किंवा फोल्डरचा शॉर्टकट टाका. फाइलवर राइट क्लिक केलं की ‘सेंड टू’च्या यादीत तो सापडेल.